दहा सेंटिमीटरची लाज

मित्रांनो, नाशिकच्या एका शाळेच्या भिंतीवरची मी जुनी उंचीची पट्टी आहे. जन्म छापखान्यातला, आयुष्य उभ्याने गेले. पूर्वी माझ्यापाशी हडकुळी मुले शोधली जात. आता सरकारने मुलांचा लठ्ठपणा कमी करण्याची मोहीम काढली. हेतू योग्यच होता. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचे, एवढेच गणित. त्यातली उंची मी सांगायची, आणि मीच खोटी ठरले.

सुट्टीत वर्गात नवी फरशी बसली, भिंतीच्या तळाशी स्कर्टिंगची फरशीपट्टीही पुढे आली. त्याच्या कडेवर माझी घडी पडू लागली, म्हणून रंगकाम झाल्यावर मला स्कर्टिंगच्या वर, अगदी सरळ चिकटवले. माझे शून्य जमिनीपासून दहा सेंटिमीटर वर गेले. मी देखणी दिसत होते. प्रत्येक मूल मात्र तेवढेच बुटके ठरत होते.

पाचवीतल्या सृष्टीचा नंबर आला. तिच्या घरी झेंडूचा मळा. छाया मॅडमनी हिशेब केला आणि मागच्या बाकावर तक्ता भरणाऱ्या मुलीला ऐकू जावे म्हणून मोठ्याने सांगितले, "सृष्टी, जादा वजन!"

"ए कांद्याची गोणी, हळू बस! बाक मोडंल," दत्तू म्हणाला. वर्ग हसला. मॅडमही किंचित हसल्या.

त्या दिवसापासून सृष्टीचा डबा उघडेना. "भूक नाही," एवढेच ती म्हणे. एका सकाळी ती प्रार्थनेच्या रांगेतच कोसळली. मॅडमनी तिला उचलून वर्गात आणले, बाकावर निजवले आणि स्वतः धापा टाकत मला टेकून उभ्या राहिल्या. पाणी घेऊन आलेला दत्तू थबकला.

"मॅडम, तुम्ही फक्त एकशे पंचेचाळीस?"

"काहीतरीच काय! नोकरीच्या वैद्यकीय दाखल्यावर एकशे पंचावन्न आहे माझी."

मग त्यांची नजर हळूहळू खाली, माझ्या शून्यापर्यंत उतरली.

फेरमोजणीत सृष्टीचे वजन योग्य निघाले. मॅडमनी तेही तितक्याच मोठ्याने जाहीर केले. "चुकलं गं माझं. तू जाड नाहीयेस."

"आणि असते तर?" सृष्टीने विचारले.

दत्तूने मान खाली घातली. डबा त्या दिवशीही उघडला नाही.

मला आता जमिनीला टेकवून लावले आहे. आकडे बरोबर येतात, तरी माझी लाज गेलेली नाही. कारण मी अचूक असते, तरी त्या दिवशी कोणीतरी असेच उपाशी राहिले असते. मित्रांनो, मोजण्याआधी माझे शून्य कुठे आहे ते पाहा. आणि आकडा ज्याचा असेल, त्याच्याच कानात सांगा.