कोपऱ्यावरची तीट

मी एक जुनी लाकडी फळी आहे. मित्रांनो, आपली गोष्ट जन्मापासून सांगायची असते, हे मला ठाऊक आहे. पण मला आधी आठवते ती एक साधी संध्याकाळ. त्या संध्याकाळी काहीच घडले नव्हते.

सांगलीत एका घराच्या मागच्या खोलीत राही राहत होती. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. शाळेतून आल्यावर तिने स्टोव्हवर चहा ठेवला, आईला भिंतीला टेकवून बसवले, पाठीमागे उशी सरकवली आणि मला आईच्या मांडीवर ठेवले. आई म्हणजे हरणाबाई. त्या उन्हाळ्यात तिच्या अंगावरून वारे गेले होते. उजवा हात आणि पाय लुळे पडले होते, आणि तोंडातून नुसता आवाज यायचा, त्याचा शब्द व्हायचा नाही. राहीने मेंढ्याच्या शिंगाचे घासून गुळगुळीत केलेले टोक तिच्या डाव्या हातात दिले. माझ्या अंगावर एक गोल कोरलेला आहे. त्या खोबणीतून हरणाबाई टोक फिरवू लागली. ते अडखळले, बाहेर गेले. तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा बाहेर गेले. मग एका खेपेला टोक कुठेही न थांबता सबंध गोल फिरले आणि निघाले होते तिथे येऊन मिळाले. खोबणीतून एकच सलग आवाज आला, सुपातून ज्वारी सरकावी तसा.

राही पाठमोरी होती. तिने आवाज ऐकला आणि वळून पाहिले. हरणाबाईने टोक खाली ठेवले आणि डाव्या हाताचे बोट माझ्या वरच्या कोपऱ्यावर टेकवले. तिथे माझे लाकूड काळे पडले आहे. ते बोट तसेच ठेवून ती लेकीकडे बघत राहिली.

“काजळ न्हाई गं खोलीत,” राही म्हणाली. “उद्या आणते.”

मग दोघींनी चहा घेतला. राहीने आईचा चहा बशीत ओतून, फुंकर घालून पाजला. ते बोट माझ्या कोपऱ्यावर का टेकले होते, हे समजायला आता माझा जन्म सांगायला हवा.

मी मिरजेची. एका तंबोरे करणाऱ्याच्या दुकानात तुणाच्या लाकडाच्या फळ्या भिंतीला लावून ठेवलेल्या असत, त्यांतली मी एक. माझ्या बहिणींच्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावर बसवायच्या तबल्या झाल्या, त्यांच्यावर तारा चढल्या, त्या कुठे कुठे गात असतील. माझ्या अंगात एक गाठ होती. गाठीच्या लाकडातून सूर नीट येत नाही, म्हणून दुकानाच्या मालकाने, इमामचाचांनी, मला बाजूला टाकले होते. लाकूड चिकटवायच्या सरसाच्या भांड्यावर झाकण म्हणूनच माझा जन्म जायचा.

एके दिवशी दाराशी एक बाई उभी राहिली. छातीशी चार दिवसांचे मूल, मागे घोंगडी घेतलेला नवरा. ही हरणाबाई, आणि तो नाथाजी. औंधच्या पलीकडच्या कोरड्या माळावरचे हे मेंढरे राखणारे घर. तिचे पहिले मूल घरीच झाले होते. अंगाने भरलेला मुलगा होता. पाहुण्यांनी त्याला मांडीवर घेऊन तोंडभर कौतुक केले, आणि पुढच्याच बाजाराच्या आत तो तापाने गेला. दुसऱ्या खेपेला नाथाजीने तिला बाळंतपणासाठी मिरजेच्या दवाखान्यात आणले होते. मुलगी झाली. तीच राही.

इमामचाचा तंबोऱ्यावर वेलीची पाने कोरत होते. हरणाबाई इतका वेळ बघत राहिली की नाथाजीने गाडीची आठवण करून दिली. तेव्हा ती म्हणाली, “चाचा, पानं कोरता तशी अक्षरं कोराल का? पोराचं बोट आत बसंल अशी.”

कुणासाठी, असे चाचांनी विचारले. तिने छातीशी धरलेले मूल पुढे केले.

“आधी मान तर धरू दे तिला, बाई,” चाचा म्हणाले. पण त्यांनी मला उचलले, धूळ झटकली आणि तिच्या हातात कोळसा दिला.

हरणाबाई लहानपणी औंधला मामाकडे राहून चौथीपर्यंत शिकली होती. तिच्या वस्तीवरची मुले मात्र शाळेत टिकत नसत. मेंढरे पावसाळ्यात गावी येत आणि दसरा झाला की पुन्हा वाटेला लागत. त्यांच्यामागे घरेच्या घरे जात. नाव घातलेले पोर दसऱ्याला शाळेतून उठे, आणि परत येईपर्यंत शिकलेले सारे विसरून जाई. म्हणून हरणाबाईने मेंढरे गावात असतात तेवढ्यात बसेल असा अभ्यास आपल्या मनाने बांधला होता. तो तिने त्या दिवशी कोळशाने माझ्यावर काढला. एका अंगावर वळणे: उभी रेघ, आडवी रेघ, तिरपी रेघ, अर्धा गोल, सबंध गोल, गाठ. दुसऱ्या अंगावर अक्षरे. त्या रेघांवरून चाचांनी खोबण्या कोरल्या आणि मला तिच्या हवाली केले. ज्यांची वळणे सोपी ती आधी. मुळाक्षरांचा नेहमीचा क्रम तिने पाळला नाही. उभी रेघ आली की तिच्या भोवतीची अक्षरे, गोल आला की गोलाची. एक पायरी हाताला बसल्याशिवाय पुढची नाही. माझ्यावर झाले की परातीतल्या बारीक मातीत, मातीत झाले की दगडी पाटीवर. आणि सगळ्यात शेवटी, दसऱ्याच्या आधी, स्वतःचे नाव.

वाढत्या वयातली पोरे आधी नावच मागत. हरणाबाई नाही म्हणे. नाव वाकडे आले तर ते जन्मभर वाकडेच लिहाल, असे तिचे म्हणणे होते.

ती भाकरी थापताना आमच्याकडे पाठ करून बसे. तिला बघावे लागत नसे. शिंगाचे टोक माझ्या खोबणीतून नीट गेले तर एक सलग आवाज येतो, घसरले तर तो तुटतो. आवाज तुटला की पाठमोरीच म्हणायची, “फिरून.”

आणि चांगले आले तर? मित्रांनो, तर ती काहीच म्हणत नसे. त्या पहिल्या मुलानंतर तिच्या तोंडून पोराच्या कौतुकाचा शब्द कायमचा गेला होता. तोंडाने चांगले म्हटले की दृष्ट लागते, ही भीती तिच्या हाडात बसली होती. म्हणून ती पिठाचा हात पुसायची, दिव्याच्या काजळीची डबी उघडायची आणि बोटाने माझ्या वरच्या कोपऱ्यावर तीट लावायची, बाळाच्या गालाला लावतात तशी. तीट लागली की पोरे ओळखायची. ज्याच्यासाठी लागली ते पोर दिवसभर मिरवायचे. माझा कोपरा असाच काळा होत गेला.

शेजारच्या शालूबाईला या उद्योगाचे हसू यायचे. एकदा ती दारात उभी राहून म्हणाली, “हरणाबाय, मेंढरं काय पत्र वाचणार हायती व्हय?”

“मेंढरं न्हाई वाचत,” हरणाबाई भाकरी उलटत म्हणाली. “मेंढरं घेणारा वाचतो.”

शालूबाई हसत गेली. पण दुसऱ्या दिवसापासून तिची मुलगी चंद्रा पहिल्या रांगेत येऊन बसली.

बहात्तर साली पाऊस आला नाही. मेंढरे गावी परत आलीच नाहीत. जी वाचली ती दूरवरच्या पाण्यावर होती. हरणाबाई खडी फोडायच्या कामावर गेली आणि मला पाटीत घालून तिथेही घेऊन गेली. दुपारच्या सुट्टीत बाभळीखाली पोरे जमायची. त्या वर्षी काजळी धरायला दिव्यात तेल नव्हते. तिने चुलीतली राख पाण्यात कालवून तीट लावली. ती वाळली की उडून जायची.

राही तोवर मॅट्रिक होऊन साताऱ्याला शिक्षिकेच्या शिक्षणाला गेली होती. तिला सांगलीत नोकरी लागली तेव्हा हरणाबाई एस.टी.पर्यंत पोहोचवायला आली. राहीला निदान त्या दिवशी काहीतरी ऐकायचे होते. गाडी आली. आईने कनवटीची डबी काढली आणि लेकीच्या कानामागे बोट टेकवले, बस. राहीने ती तीट सांगलीपर्यंत पुसली नाही.

सांगलीच्या वर्गात राही मुलांना रोज शाब्बास म्हणे. पाटीवर लाल खडूने ‘छान’ लिही. परक्यांच्या मुलांसाठी तो शब्द तिच्या जिभेवर सहज येई. सुट्टीत गावी आली की मात्र तिचीही जीभ आईच्या घरातली होई. आईने दिवसभर पोरे शिकवलेली बघायची, रात्री तिचे पाय चेपायची, आणि तू हे किती चांगले करतेस, हे वाक्य गिळून टाकायची. आईलाच दृष्ट लागली तर?

मग तो उन्हाळा आला. हरणाबाई चुलीपुढे बसल्या जागी कलंडली. तिला मिरजेला नेले. दवाखान्यात ती डाव्या बोटाने चादरीवर काहीतरी ओढत असे. नाथाजीला वाटे ती खाजवते आहे. राहीला कळले. आईला काहीतरी सांगायचे होते, आणि जीभ नव्हती, म्हणून तिला लिहायचे होते. चादरीवरच्या त्या रेघांतून अक्षर मात्र निघत नव्हते. राहीने बापाला सांगून गावाकडून मला मागवले. घोंगडीत गुंडाळून मी पुन्हा मिरजेला आले, जिथून निघाले होते तिथेच. मग सांगलीच्या खोलीत आमचा अभ्यास सुरू झाला.

आईने घालून दिला होता तोच क्रम राहीने धरला. उभी रेघ, आडवी रेघ, तिरपी रेघ. डावा हात म्हातारा होता आणि कधी शिकलेला नव्हता. त्याला उभी रेघ उतरायलाच आषाढ गेला. शिंगाचे टोक हातातून पडे, राही उचलून देई. आवाज तुटला की म्हणे, “फिरून.” हरणाबाई एकदा त्यावर हसली, अर्ध्याच तोंडाने.

एकदम अक्षरच गिरवून घ्यावे, असे राहीच्या मनात येऊन जाई. पण आईनेच बांधलेली पायरी आईसाठी गाळायची, हे दोघींनाही पटले नसते. राहीने मनाशी ठरवले होते: गोल झाला की गाठ, मग अक्षरे, आणि दसऱ्याच्या आधी आई सांगायचे ते लिहील.

त्यानंतर ती संध्याकाळ आली, जिच्यापासून मी सुरुवात केली. गोल झाला. बोट कोपऱ्यावर टेकले. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांना तीट लावली, ती आपली तीट मागत होती. आणि काजळ नव्हते.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना राहीने मारुती रोडवरून काजळाची डबी घेतली. घराशी आली तर दारात शेजारच्या बायका उभ्या होत्या. त्या बाजूला झाल्या. मी भिंतीशी टेकलेली होते, गोलाचे अंग वर करून. हरणाबाई कधी गेली ते मी पाहिले. त्याविषयी मी काही सांगणार नाही. तिला काय लिहायचे होते, ते मलाही माहीत नाही. ती अक्षरांपर्यंत पोचलीच नाही.

मला गावी परत आणले. शिंगाचे टोक येताना कुठेतरी पडले. पहिले काही दिवस पोरे दारापर्यंत आली, आत बघून परत गेली. पुढे येईनाशी झाली. नाथाजीने मला पाण्याच्या रांजणावर झाकण म्हणून ठेवले. झाकण होण्यापासून एका बाईने मला वाचवले होते, मित्रांनो. तिच्यामागे मी झाकणच झाले. ओलीने माझ्या खोबण्या फुगल्या. उभी रेघ अजून दिसते, गाठ बुजत आली आहे.

वळणांची फळी नीट पुसून, कोरडी ठेवा, असे मी तुम्हाला सांगायला हवे. ते सांगून मला काही समाधान नाही. लाकूड जाईलच. पण ज्याने तुमचा हात धरून तुम्हाला वळण लावले, त्याचे कधी काही चांगले झाले, तर ते त्याच्या कानावर पडेल असे म्हणा. तो ऐकतो आहे तोवर म्हणा. माझ्या घरात ते कुणी केले नाही, आणि कुणी वाईट नव्हते.

दसरा झाला. मेंढरे निघायच्या दिवशी राही गावी आलेली होती. नाथाजी घोंगडी खांद्यावर टाकून पाणी प्यायला आत आला. रांजणावरून मला उचलताना थांबला. त्याने धोतराच्या सोग्याने मला पुसले. त्याला वाचता येत नाही. तो माझ्याकडे पाठ करूनच आयुष्यभर जेवला. त्याने कोरलेल्या गोलावरून अंगठा फिरवला.

“डाव्या हातानं जमत हुतं का गं तिला?” त्याने विचारले.

मग म्हातारा मला तिच्याजवळ ठेवून मेंढरांकडे गेला. बाहेर कुत्री भुंकली, घंटा वाजू लागल्या, आणि मग माळाच्या अंगाला लांब लांब गेल्या.

राहीने पिशवीतून ती डबी काढली. अजून उघडलेली नव्हती. ती तिने हातात धरली आणि खाली ठेवली. आता दृष्ट कुणाला लागणार होती? चुलीसमोर, जिथे तिची आई पाठमोरी बसायची, तिथे ती मला मांडीवर घेऊन बसली. माझ्या काळ्या कोपऱ्यावर तिने बोट टेकवले आणि मोकळ्या घरात, वर्गात बोलतात तेवढ्या मोठ्याने, म्हणाली,

“आये, गोल चांगला आला. लय चांगला आला गं.”