भर पावसात मिटलेली

मी छत्री बोलतेय. लाल, लांब दांड्याची, डोंगरात वसलेल्या किटो शहरातली. आणि आधीच एक कबूल करून टाकते, म्हणजे नंतर कुणी टोमणे मारायला नकोत. परवा चौकात जो गोंधळ झाला तो माझ्या मूर्खपणामुळे. माझी मालकीण हिपातिया सगळ्यांना सांगते, खटका निसटला. निसटला-बिसटला काही नाही. मीच उघडले.

आता तुम्ही म्हणाल, छत्री उघडली यात मूर्खपणा कसला? उघडण्यासाठीच असते ती. हेच! अगदी हेच मी इतकी वर्षं म्हणतेय. ऐकतंय कोण?

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यातला. तिथे एकदा उघडून पाहिलं असणार मला, पण ते मला आठवत नाही. स्वतःचं बारसं कुणाला आठवतं? पहिली आठवण आहे ती सान रोकेच्या बाजारातल्या दुकानाची. हिपातियाला गाइडचा बिल्ला नुकताच मिळाला होता आणि ती छत्री घ्यायला आली होती. दुकानदार म्हणाला, "राणी, हिच्यातून थेंब खाली यायचा नाही. उघडून दाखवू?"

हिपातिया दचकलीच. "छताखाली? नको हो शेजारी, अपशकुन होतो!"

तो काही तिचा शेजारी नव्हता. पण आमच्या बाजारात सगळेच एकमेकांचे शेजारी. तर अशी मी न उघडता विकली गेले. तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी खूश! जिथे सकाळी कडक ऊन आणि दुपारच्या जेवणानंतर नेमाने पाऊस, अशा गावी छत्रीला दिलं म्हणजे ती चांगल्या घरी पडली की नाही? वाटलं, सोनं झालं आयुष्याचं.

पहिल्याच दुपारी मोठ्या चौकात थेंब पडला. मी काड्या सैल केल्या, छाती भरून घेतली. आणि हिपातियाने मला उचललं. आणखी वर. आणखी वर. मिटलेलीच! "मंडळी, लाल छत्रीच्या मागे या!"

तिला एका म्हाताऱ्या गाइडने शिकवलं होतं. "पोरी, गाइडची छत्री उघडायची नसते, उंच धरायची असते. उघडलीस की तू चारचौघींसारखी झालीस. मग लोकांनी कुणाच्या मागे जायचं?"

झालं. तेव्हापासून ही बाई हातात छत्री असून भिजते. देवळांमधून, टेकडीवरच्या पंखवाल्या देवीच्या पुतळ्यापर्यंत, परत खाली ला रोंदाच्या गल्लीत, रोज. पाहुण्यांच्या प्रत्येक नव्या टोळीत एक तरी शहाणा असतोच. जवळ येतो आणि मोठा शोध लागल्यासारखा म्हणतो, "बाई, ही उघडते, बरं का!" चौकातले बूटपॉलिशवाले तर आता म्हणून म्हणून थकले. नुसतं बोट दाखवून हसतात.

आणि टोपी! हिपातियाची गवताची टोपी आहे एक, किनाऱ्याकडची, बारीक विणीची. घरी माझ्याच डोक्यावरच्या खिळ्याला लटकते. तिचं काम सकाळच्या उन्हात. पाऊस सुरू झाला की हिपातिया तिला हळूच गुंडाळते आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालते. भिजू नये म्हणून! टोपीला पावसापासून जपायचं आणि छत्रीला पावसात उभं करायचं. हा न्याय? मी कुरकुरले की टोपी गप्प. ती मुळातच कमी बोलते. बोलली की मात्र लिंबू पिळल्यासारखी.

असो. माझं रडगाणं बाजूला ठेवू. कारण परवा खरं संकट हिपातियावर होतं.

तिच्या मालकीणबाई पिएदादबाई. छोटंसं ऑफिस, एक व्हॅन आणि भरपूर कटकट. मागच्या महिन्यात हिपातियाचा एक पाहुणा देवळातल्या बाकावर झोपून राहिला आणि टोळी पुढे निघून गेली. मग एक बाई चॉकलेटच्या दुकानात राहिल्या. पिएदादबाईंनी सकाळीच हिपातियाला बजावलं, "आज शेवटी मी स्वतः व्हॅनपाशी येऊन डोकी मोजणार. एक जरी कमी असलं ना, तर ती छत्री ठेव खाली आणि उद्यापासून ऑफिसात फोनवर बस."

फोनवर! हिपातियाला! चालता चालता बोलते तेव्हा ती जिवंत असते हो. खुर्चीत बसवली तर आठवड्यात कुंडीतल्या झाडासारखी वाळून जाईल. आणि माझं काय होईल ते तर विचारूच नका. ऑफिसच्या कोपऱ्यात, झाडूशेजारी.

त्या दिवशीच्या टोळीत होत्या नार्सिसाबाई. ग्वायाकीलच्या, म्हणजे समुद्राकडच्या. पिवळा झगा, मोठा आवाज. आमचं डोंगरातल्यांचं आणि त्या बंदरवाल्यांचं कसं, ते सासू-सुनेला विचारा. किटोत पाऊल ठेवल्यापासून त्यांचं सुरू होतं, "काय ग बाई ही थंडी! आणि तुम्ही एवढं हळू का बोलता? कुणी आजारी आहे का घरात?"

हिपातियाने सकाळी सगळ्यांना नेहमीची सूचना दिली. "हे बघा, आमच्या गावात रस्ता विचारला तर 'माहीत नाही' असं कुणी म्हणत नाही. तसं म्हणणं वाईट दिसतं. माहीत नसलं तरी काहीतरी सांगतात, प्रेमाने सांगतात. तेव्हा चुकलात तर कुणाला विचारू नका. लाल छत्री शोधा."

"म्हणजे खोटं सांगतात," नार्सिसाबाई म्हणाल्या.

"खोटं नाही हो. मन मोडत नाहीत."

"आमच्याकडे त्यालाच खोटं म्हणतात."

पुढे एका देवळात बाईंनी खांबाला पडलेल्या खोकेकडे बोट दाखवलं. "हे कशाने झालं?"

हिपातिया क्षणभरही अडखळली नाही. "बिशपांचं खेचर होतं, त्याने लाथ मारली."

"देवळात?"

"फार भाविक खेचर होतं."

मी तिच्या हातात होते, म्हणून सांगते. मूठ घामाने ओली झाली होती. खेचर त्याच क्षणी जन्माला आलं होतं.

जेवण झालं. बटाट्याचं घट्ट सूप, वर चीज आणि अवोकाडो. मग आम्ही सान फ्रान्सिस्कोच्या चौकात पोचलो, आणि आभाळ फाटलं. आमच्याकडे पहिल्या थेंबासरशी छत्रीवाले जमिनीतून उगवल्यासारखे येतात, काखेत छत्र्यांचा भारा घेऊन. आणि त्या दिवशी नशीब बघा, सगळा माल लाल! आमच्या टोळीने घेतल्या. शेजारच्या टोळीने घेतल्या. शाळेच्या बाईंनी घेतल्या. बघता बघता चौकभर लाल छत्र्या. सगळ्या कोवळ्या पोरी, वाऱ्याच्या एका झोताने उलट्या होतील अशा. पण उघडलेल्या! अंगभर पाऊस घेत, खिदळत! आणि त्यांच्यामध्ये मी, कापडाची, लाकडी मुठीची, खानदानी, घट्ट मिटलेली. जणू सगळ्या लग्नाला निघाल्यात आणि मला घर सांभाळायला ठेवलंय.

मला नाही बघवलं. खटका गंजून तसाही सैल झाला होता. मी पोटात श्वास घेतला आणि—

काय सांगू! अंगावर पाऊस वाजतो कसा, ते मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. प्रत्येक काडी ताणली गेली. मी गोल झाले हो, गोल! एवढी मोठी आहे मी, मलाच माहीत नव्हतं.

मग एक थेंब माझ्यातून खाली पडला. नेमका हिपातियाच्या नाकावर. इतकी वर्षं घडीत राहून माझ्या कापडाला भोकं पडली होती. मोठा तोरा, आणि निघाले चाळणी.

"अगं भवाने!" हिपातिया ओरडली. मला मिटायला गेली तर मी मिटेना. ती झटापट करत होती आणि लाल छत्र्या इकडून तिकडे, तिकडून इकडे. तिने डोकी मोजली. पुन्हा मोजली. पिवळा झगा नव्हता.

बाकीच्यांना तिने देवळाच्या दारात उभं केलं आणि मला तशीच उघडी घेऊन पळाली. पेरूचा गोड, आइस्क्रीमसारखा फेस भरलेले कोन विकणारीला विचारलं, "शेजारीण, पिवळ्या झग्यातल्या बाई बघितल्या?"

"बघितल्या की राणी! आत्ताच गेल्या, खालच्या रस्त्याने."

खाली पळालो. तिथे कोपऱ्यावरचा पॉलिशवाला म्हणाला, "वर गेल्या, इथेच आहेत, अगदी इथेच." वर पळालो. तिथे एक नन भेटल्या.

"पांढऱ्या कपड्यातल्या ना?"

"नाही हो, पिवळ्या."

"हो हो, पिवळ्याच. त्या बाजूला गेल्या, बाळ."

मी ओरडत होते, अगं बाई, यातल्या कुणीही काहीही बघितलेलं नाही! सकाळी तूच सांगितलंस ना सगळ्यांना? पण छत्रीचं कोण ऐकतं. ज्या गावात वाढली त्याच गावाच्या गोडव्याला फसून ती धावत होती. तिसऱ्यांदा त्याच फेसवालीसमोर आलो तेव्हा कुठे थांबली. फेसवाली प्रेमाने म्हणाली, "सापडल्या ना?"

हिपातिया देवळाच्या पायरीवर बसली. केसांतून पाणी, नाकातून पाणी, डोळ्यांतलं कुठलं ते कळत नव्हतं. माझ्याकडे बघून म्हणाली, "झालं ग आपलं. फोनवर बसायचं आता." मग तिने चौकाकडे नजर टाकली. सगळीकडे लाल, उघडं लाल. आणि ती एकदम उठली.

माझ्या काड्या दोन्ही हातांनी आवळल्या, गुडघ्यात धरून दाबल्या. बोट चिमटलं तरी सोडलं नाही. खट! मिटले मी. मग ती पायऱ्या चढून सगळ्यात वर गेली, मला होईल तेवढं उंच धरलं आणि उभी राहिली. पाऊस असा की बादली उपडी केल्यासारखा. कमानीखाली थांबलेले लोक फिदीफिदी हसत होते. "शेजारीण, उघडा की ती! कुणासाठी ठेवलीय?"

खरं सांगते, वारा असा होता की खटका आता खरंच निसटत होता. आता नुसतं सोडून दिलं असतं तरी चाललं असतं. कुणाला कळलंही नसतं. पण मी काड्या आवळून धरल्या. इतक्या आवळल्या की एक वाकली, ती आजही वाकडीच आहे.

"ए डोंगरातली!"

चौकाच्या पलीकडून पिवळा झगा येत होता. एका हातात नवी लाल छत्री, दुसऱ्या हातात फेसाचा कोन.

"कुठे होतीस ग तू? मी तुझ्या शेजारून दोनदा गेले! उघडी छत्री बघितली, म्हटलं ही आपली नव्हे. आपली बाई तर मिटलेली छत्री घेऊन भिजते. एवढ्या गावात अशी वेडी एकच!" धापा टाकत त्या पायऱ्या चढल्या. "आणि तुझे हे गाववाले! ज्याला विचारलं त्याने रस्ता दाखवला. एक म्हातारबाबा तर सोबत चालत आले, गल्ली संपेपर्यंत. मग म्हणाले, मुली, आपण कुठे चाललोय? आणि सगळे इतके गोड, की मी प्रत्येकाचे आभार मानले."

हिपातियाने त्यांना मिठीच मारली. कोन माझ्यावर टेकला, तो चिकटपणा अजून गेलेला नाही.

व्हॅनपाशी पिएदादबाई उभ्या होत्याच. "उशीर का? कुणी हरवलं होतं का?"

हिपातियाने तोंड उघडलं. आता दुसरं खेचर जन्मणार, मी डोळे मिटले. पण तिच्या आधी नार्सिसाबाईच बोलल्या. "हरवलं होतं ना. ही हरवली होती. मी शोधून आणली."

पिएदादबाईंनी डोकी मोजली. भरली. मग हिपातियाच्या भिजलेल्या अंगाकडे आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "बस आत. उद्या सकाळी वेळेवर ये."

व्हॅन निघाल्यावर नार्सिसाबाई पुढे वाकल्या. "आता खरं सांग. त्या खांबाची खोक कशाने पडली?"

हिपातियाने केसांतलं पाणी खिडकीबाहेर पिळलं. मग हळूच म्हणाली, "माहीत नाही हो."

"बघ! जमलं की." बाई मागे टेकल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "खेचर बरं होतं पण."

तर असं झालं. हिपातियाची नोकरी वाचली, आणि ती वाचली मी मिटलेली होते म्हणून. म्हणजे माझा निकाल लागला. आता जन्मभर हेच. वर तिने माझ्या पोटाला केसांचा रबर बांधलाय, दुहेरी, पुन्हा 'निसटू' नये म्हणून! तिने एकटीने नोकरी वाचवली असती तर गोष्ट वेगळी. इथे मीच काडी वाकवून घेतली, आणि बक्षीस काय, तर रबर.

किटोला कधी आलात आणि भर पावसात मिटलेली लाल छत्री दिसली, तर कृपा करून 'ही उघडते' असं सांगू नका. आम्हाला दोघींना माहीत आहे. फक्त मागे मागे या. आणि रस्ता कुणाला विचारू नका.

परवा संध्याकाळी घरी आल्यावर तिने मला ओलंच कोपऱ्यात ठेवलं. टपटप गळत होते, काड्यांना गंज चढायला लागल्याचं जाणवत होतं. मी वर टोपीला म्हटलं, "बाहेर नाही तर नाही. पण निदान वाळण्यापुरतं तरी मला उघडून ठेवायला काय हरकत आहे?"

खिळ्यावरून टोपी म्हणाली, "घरात? अपशकुन होतो."