चाँद थरथरू नये म्हणून

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो, आणि लपवून काय उपयोग, माझ्या तिपाईचे पाय लटपटतात. पौडजवळच्या चांदे गावच्या शैलेशसाहेबांनी मला मोठ्या हौसेने आणलं. पण चित्र स्पष्ट करायला माझी फोकसची चकती फिरवली, की चंद्र असा थरथरायचा की बघणाऱ्याला घेरीच यावी. साहेब वैतागले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. धूळ खाल्ली हो, पोटभर!

तिथून मला पौडच्या तमन्नाने मागून आणलं. ती त्यांच्याच कंपनीत कामाला. तिचे अब्बा, अमजदभाई, शिंपी. ईदच्या आदल्या संध्याकाळी सगळा मोहल्ला चाँद बघायला गच्चीवर जायचा, आणि अब्बा लोकांचे नवे कपडे पुरे करत मशिनवर मान मोडून बसायचे. उभ्या जन्मात त्यांनी तो चाँद पाहिला नव्हता. आता दुकान बंद झालं, सवड मिळाली, तर नजर अधू झाली आणि हात कापू लागले. चकती ज्याने त्याने आपल्या डोळ्याप्रमाणे फिरवायची असते. अब्बांनी बोट लावलं की मी नखशिखांत हलायचे.

"ऱ्हाऊ दे गं, आमच्या नशिबात न्हाई," ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

पण तमन्ना महाहट्टी! तिने माझ्या पोकळ पायांत वाळू भरली. तिन्ही पायांच्या मधोमध बटाट्यांची पिशवी टांगली, तर ती वाऱ्यावर झोके घेऊ लागली आणि मी आणखीच डुलले.

अब्बांना हसू आलं. "अगं, पिशवी जमिनीला टेकू दे की! आन् मशिनच्या पायाखाली आमी टायरचं रबर ठेवतो, तसं हितं ठेव."

तसं केलं, आणि शेवटी तमन्नाने माझ्या चकतीला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. चिमटा! मला! पण खरं सांगते, त्याचं टोक नुसतं ढकललं की चकती केसभर फिरायची आणि मी जागची हलायचे नाही.

ईदच्या आदल्या संध्याकाळी सूर्य डोंगराआड बुडाल्यावर तमन्नाने कोर शोधून दिली. अब्बांनी डोळा लावला, कापत्या बोटाने चिमटा ढकलला. माझा जीव टांगणीला!

"अब्बा, दिसला का?"

"निळ्या कापडावर खडूची रेघ मारावी, तसा हाय गं. लई सुबक."

चाँद मावळला तरी ते जागचे उठले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतल्या पाण्याने माझी काच भिजली.

मित्रांनो, माझ्यासारखीला मऊ फडक्याने पुसत जा, माळ्यावर टाकू नका. आणि घरात कुणाचे हात कापत असतील, तर "तुम्हाला नाही जमायचं" म्हणण्याआधी थोडी खटपट करून बघा.