राखीचा एक गुण

समीक्षाने केसातली पिन काढली आणि रोहनच्या मनगटावरच्या राखीच्या गाठीत खुपसली. गाठ काही केल्या सुटेना. ती सुटूच नये अशी बांधायची, हे तिला तिच्या वडिलांनीच शिकवलं होतं. फौजेत तंबूची दोरी अशी बांधतात म्हणे. काल राखीपौर्णिमेला साताऱ्याच्या घरी तिने ती बांधली होती, आणि आज सांगलीच्या स्केटिंग रिंकच्या कडेला बाकड्यावर बसून तीच ती सोडवत होती. वडील, म्हणजे आकाराम, म्हणजे तिचे आबा, तळहातावर रुमाल पसरून शेजारी उभे होते.

“तोडू नगंस. परत बांधायची हाय.”

“व्हय आबा.”

गाठ सुटली. आबांनी राखी रुमालात गुंडाळली, रुमाल शर्टाच्या खिशात ठेवला आणि ते प्रेक्षकांच्या पायऱ्यांकडे निघून गेले. रोहन मनगट चोळत राहिला. दोऱ्याचा वळ चांगलाच उमटला होता.

दर वर्षी हे असंच चालायचं. पौर्णिमेला राखी बांधायची, स्पर्धेपर्यंत ती हातात ठेवायची, स्पर्धेपुरती सोडायची आणि स्पर्धा संपली की आबांच्या देखत पुन्हा बांधायची. क्लबातल्या पोरांना यात हसण्यासारखं पुष्कळ सापडायचं. उदयसिंह सरांना, म्हणजे त्यांच्या प्रशिक्षकांना, हे घरचं काहीतरी सोवळंओवळं असावं असं वाटायचं आणि त्यांनी कधी विचारलं नाही.

रोहन तिचा भाऊ नव्हता. नात्यातला नव्हता आणि आबांच्या शब्दांत ‘आपल्यातला’ही नव्हता. त्याचे वडील केरू कोयनानगरला धरणावर नोकरीला. पोरगा शिकायला साताऱ्यात आम्रपाली आत्याकडे राहिलेला. तिच्या दारावर निळा झेंडा आणि आत बाबासाहेबांचा फोटो. समीक्षाचे आजे-पणजे माणदेशात मेंढरं राखत हिंडलेले. आबा त्यातून उठून फौजेत गेले, हवालदार होऊन परतले आणि आता एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या फाटकावर उभे राहत होते. तोल बघावा तर क्लबात या दोन पोरांचाच. सरांनी त्यांना जोडीत घातलं.

पोरगी चाकांच्या बुटांवर फिरते याबद्दल आबांची तक्रार नव्हती. परक्या पोराच्या हातात हात घालून फिरणार, हे त्यांच्या पचनी पडेना. सर म्हणाले, जोडीचा नियमच तसा आहे. ‘नियम’ म्हटल्यावर आबा जरा सैल झाले. नियम दाखवा म्हणाले. नियम निघाले इंग्रजीत, आणि आबांचं इंग्रजी कवायतीच्या मैदानाबाहेर फारसं गेलेलं नव्हतं. मग इंग्रजी शाळेतल्या रोहनला अंगणात पाटावर बसवलं आणि त्या एवढ्याशा पोराने एकेक नियम मराठीत करून सांगितला. आबा खुर्चीत ताठ बसून ऐकत होते, जणू पहाऱ्याचे हुकूम घेत होते.

जोडीने एकदा तरी मुलीला डोक्यावर उचलायचं. एकदा फेक घ्यायची, म्हणजे मुलाने मुलीला उसळी द्यायची आणि तिने हवेत फिरून एका पायावर उतरायचं. एकमेकांना धरून गिरकी घ्यायची, बाजूबाजूला राहून सारखीच गिरकी घ्यायची. आणि शेवटी डेथ स्पायरल. मुलाने बुटाचं पुढचं रबर जमिनीत रोवून, गुडघे वाकवून जागेवर फिरायचं, एका हाताने मुलीला धरायचं आणि मुलीने जवळजवळ आडवं होऊन त्याच्याभोवती फिरायचं, केस जमिनीला लागतील इतकं खाली. निदान एक पूर्ण फेरी. याला आबांनी तिथल्या तिथे ‘मरणाची गिरकी’ असं नाव दिलं.

“कमरंला धरून उचलायचं?” आबांनी विचारलं.

“कमरेला धरलं तरी चालतं, हाताला धरलं तरी चालतं,” रोहन म्हणाला.

“मग हाताला.”

हाताला धरून उचलणं कितीतरी अवघड, म्हणून त्याला गुणही जास्त. आबांच्या अब्रूपायी ही जोडी पश्चिम महाराष्ट्रात भारी ठरली, असं सर हसत सांगत. फेकीला मात्र इलाज नव्हता. तिथे कमरेला हात लावावाच लागायचा. तेवढा क्षण आबा दर स्पर्धेत मान वर करून छताचे पत्रे बघायचे.

आणि या सगळ्यावर आबांनी स्वतःचा एक नियम घातला, तो राखीचा. तेव्हा रोहन पुस्तिका चाळत म्हणाला होता, “पण आबा, स्पर्धेत हातात काही चालत नाही. राखी असली तर एक गुण जातो.” नियम तो नियम. आबांनी ते मानलं होतं.

आज हे सगळं शेवटचं होतं. इस्लामपूरचं स्थळ आलं होतं. विश्वजित नाव, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी, बोलायला सरळ, नावं ठेवावीत असं काही नाही. घरी सगळ्यांना पसंत. आज संध्याकाळी इस्लामपूरचा फोन येणार आणि आबा होकार कळवणार असं ठरलं होतं. समीक्षाला विचारलं तेव्हा ती “बरं” म्हणाली होती. तेव्हापासून तिला काहीच होत नव्हतं. रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. भूक लागली की ती जेवत होती, सर सांगतील तेवढा सराव करत होती, आईने पुढे केलेल्या साड्यांतली जवळची साडी ‘हीच’ म्हणून दाखवत होती. रोहन तिला आवडत होता. त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाशी लग्न करावं असं तिला कधी वाटलं नव्हतं. पण हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, त्यालाही नाही. दर वर्षी ज्याच्या हातात राखी बांधायची, त्याला हे सांगायचं तरी कोणत्या तोंडाने.

माईक खरखरला. तांत्रिक पंच संयोगिताबाई उभ्या राहिल्या होत्या. या वर्षी स्पर्धा सणाला लागूनच आल्यामुळे रिंकवर जिकडे तिकडे राख्या दिसत होत्या. चिमुरड्यांच्या हातांवर तर गोंडे, मोती आणि कार्टूनची चित्रं.

“पालकांनी लक्ष द्या,” बाई म्हणाल्या. “राखी असायला काही हरकत नाही. विनाकारण मुलांच्या राख्या काढू नका, दोघं-तिघं रडतायत इथं. फक्त वर चिकटपट्टी लावून घ्या. तुटून रिंकवर पडली तरच एक गुण जाईल. हातात असली म्हणून जात नाही.”

समीक्षाने रोहनकडे पाहिलं. तो खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. ती आधीच बांधलेली होती. त्याने ती सोडली आणि परत बांधायला घेतली.

तिने पायऱ्यांकडे पाहिलं. आबांची जागा रिकामी होती.

“कवापासनं म्हाईत हाय तुला?” तिने विचारलं.

“पयल्या खेपेला खरंच तसं वाटलं हुतं,” तो नाडीशीच बोलला. “पोशाखातलं काय पडलं तर गुण जातो, असं लिवलेलं. मी घाईत वाचलं. दुसऱ्या वर्षी नीट वाचलं.”

“मग?”

“मग काय न्हाई.”

“आबांना का सांगितलं न्हाईस?”

त्याने नाडीचा फास ओढला. मग मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं. एवढी वर्षं सोबत फिरून त्याने असं कधी बघितलं नव्हतं.

“तेवढाच येळ मोकळा असायचा हात,” तो म्हणाला.

त्यांचा पुकारा झाला.

रिंकवर उतरल्यावर तिचं अंग आपापलं काम करू लागलं. ते त्याला पाठ होतं. त्याने तिला हातांवर उचललं, तिची कोपरं ताठ राहिली, वरचे पत्रे तिच्या डोळ्यांसमोरून फिरले. ती खाली आली. बाजूबाजूच्या गिरकीत दोघांचे पाय एकाच वेळी थांबले. त्याचं बोलणं तिने ऐकलं होतं, समजलंही होतं, पण ते अजून कुठेतरी बाहेरच उभं होतं. फेकीच्या आधी त्याचा हात कमरेशी आला तेव्हा सवयीने तिची नजर पायऱ्यांकडे गेली. आबा परत येऊन बसले होते. ते पत्र्यांकडे बघत नव्हते. सरळ या दोघांकडे बघत होते.

ती उतरली. पाऊल जरा डगमगलं, सावरलं.

मग मरणाची गिरकी. त्याने रबर रोवलं, गुडघे वाकवले, उजव्या हाताने तिचं मनगट पकडलं. तिने त्याचं पकडलं. ती मागे झुकत गेली, खाली, आणखी खाली, केस फरशीला लागले. तिच्या बोटांखाली दोऱ्याचा वळ होता. वळाखाली नाडी होती आणि ती फार जोरात उडत होती. एवढी वर्षं तिने हे मनगट याच जागी धरलं होतं आणि तिला वाटायचं, ही धाप खेळाची असते. आता कळलं, आणि कळल्याबरोबर तिला एकदम रडू आलं. उलटं लोंबकळताना डोळ्यांतलं पाणी कपाळावर जातं, हे तिला माहीत नव्हतं.

नियमाला एक फेरी पुरते. त्यांचीही एकच ठरलेली होती. ती उठायच्या तयारीत होती, पण रोहनने तिला वर ओढलं नाही. दुसरी फेरी सुरू झाली. संगीत पुढे निघून गेलं. तिने सोडवून घेण्यासाठी काहीच केलं नाही.

त्यांचा दुसरा नंबर आला. उदयसिंह सर चांगलेच तापले होते.

“ती दुसरी फेरी कुणी सांगितली होती? शेवटची पावलं सगळी गाळलीत. हातातलं सोनं घालवलंत.”

दोघांनी माना खाली घातल्या. सर पुटपुटत ऑफिसात गेले. रिंक रिकामी होत होती, पोरं बूट काढत होती, कुणीतरी खुर्च्या एकात एक घालत होतं. पायऱ्या उतरून आबा आले. समोर उभे राहिले. त्यांनी खिशातून रुमाल काढून उघडला.

दर वर्षी ते म्हणायचे, “बांध.”

“बांधतीस?” त्यांनी विचारलं.

समीक्षाने राखीकडे पाहिलं. मग रोहनच्या हाताकडे. हात त्याने पुढे केला नव्हता, मागेही घेतला नव्हता. कितीतरी दिवसांनी तिला कशाची तरी भीती वाटत होती.

“न्हाई आबा,” ती म्हणाली. “नियमात बसत न्हाई.”

स्पर्धा संपली होती. आता कसला नियम, हे लहान पोरानेही विचारलं असतं. आबांनी विचारलं नाही. ते तिच्या कपाळावरच्या वाळलेल्या ओघळाकडे बघत राहिले. मग रोहनकडे वळले.

“नियमाचं तुला ठावं,” ते त्याला म्हणाले. “बसत न्हाई?”

रोहनने आबांच्या डोळ्यांत पाहिलं.

“न्हाई आबा,” तो म्हणाला. “न्हाई बसत.”

“बरं.”

आबांनी रुमालाची घडी घातली. एवढ्यात त्यांच्या पँटच्या खिशातला फोन वाजू लागला. त्यांनी खिशात हात घातला, पण आधी हाताला आलं ते दुसरंच काहीतरी. चिकटपट्टीचं रीळ होतं, माईकवरून बाईंनी सांगितलेल्या चिकटपट्टीसारखं. नवं कोरं, औषधाच्या दुकानातल्या कागदी पुडीत, अजून न फोडलेलं. त्यांनी ते क्षणभर हातात धरलं आणि परत खिशात टाकलं. मग फोन काढून पडद्याकडे पाहिलं.

“इस्लामपूर?” समीक्षाने विचारलं.

“व्हय.”

फोन हातात वाजत राहिला. आबांनी तो घेतला नाही आणि बंदही केला नाही.

“बुटं काढा आदी,” ते म्हणाले. “यस्टी चुकंल. रोहन, तू बी चल आमच्यासंगट.”