मास्तरांची दाढ आणि दवाखान्याचा चढ

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांची खालची दाढ काढली ती त्यांच्या शिकाऊ विद्यार्थिनीनंच. ही बाई दातांची डॉक्टर. लोकांच्या दाढा उपटताना हात जराही थरथरायचा नाही, पण स्टिअरिंग धरलं की तळव्यांना घाम फुटायचा. लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती, दोन्ही वेळा चढावर.

मास्तरांची तीस वर्षांची एक सवय होती. शिकणाऱ्यानं गाडी बंद पाडली की ते एक अक्षर बोलायचे नाहीत. काच खाली करायची, सिगारेट पेटवायची आणि बाहेर बघत बसायचं. ओरडण्यापेक्षा हे बरं, असं त्यांचं मत. शिकणाऱ्यांचं मत त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

सोमवारी सकाळी दहाला दाढ निघाली. कापसाचा बोळा दाताखाली धरून मास्तर खुर्चीत उठून बसले.

"बहात्तर तास सिगारेट बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ओढलं की जखमेवरची रक्ताची गुठळी सुटते, खालचं हाड उघडं पडतं. मग जे ठणकतं ना, त्यापुढे ही दाढ बरी होती म्हणाल."

मास्तरांना बोलता येईना. त्यांनी एक बोट वर केलं.

"एकसुद्धा नाही."

मास्तरांनी तेच बोट मधोमध दुमडलं.

"अर्धीही नाही."

मंगळवारी मास्तर सुजलेला गाल घेऊन शिकवायला आले. बायकोनं शर्टाचे दोन्ही खिसे रिकामे करूनच घराबाहेर सोडलं होतं. पहिल्याच चौकात गाडी बंद पडली. मास्तरांचा हात खिशाकडे गेला आणि तसाच परत आला. आता करायचं काय? काहीतरी बोलणं भाग होतं.

"होतं असं," ते म्हणाले. "करा पुन्हा चालू."

डॉक्टरीणबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. दोन महिन्यांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

बुधवारी दुखणं कमी झालं आणि तलफ वाढली. मास्तर सीटबेल्ट ओढून बघत होते, आरसा उगाच पुसत होते. लांबून पान-सिगारेटची टपरी दिसली तसे ते सावरून बसले.

"टपरीपाशी जरा बाजूला घ्या."

"कशाला?"

"पेपर घ्यायचाय."

"टपरीवर पेपर नसतो."

"मग गोळ्या घेतो."

"मास्तर, आठ वाजलेत. अजून सव्वीस तास राहिले."

"बाई, शिकवणारा मी आहे. बाजूला घ्या म्हणतो ना."

डॉक्टरीणबाईंनी अॅक्सिलरेटर दाबला. टपरी आली आणि मागे गेली. मास्तर मान वळवून तिच्याकडे बघत राहिले. पुन्हा पुढे पाहिलं तर समोर मोठ्या दवाखान्याचा चढ, आणि चढाच्या मध्यावर लाल सिग्नल. मास्तर एरवी शिकणाऱ्याला इकडे शेवटच्या दिवशी आणायचे.

गाडी चढावर थांबली. मागे विटांनी भरलेला ट्रक अगदी जवळ येऊन थांबला. मास्तरांच्या बाजूलाही ब्रेक होता. त्यांनी पाय त्यावर नेला.

"हात लावू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हात कुठे लावलाय? पाय आहे."

"पायही काढा."

मास्तरांनी बाईंच्या हाताकडे पाहिलं. हात कोरडा होता, स्थिर होता. त्यांनी पाय मागे घेतला.

हिरवा लागला. क्लच अर्ध्यावर आला, इंजिनाचा आवाज जड झाला, हँडब्रेक सुटला, आणि गाडी इंचभरही मागे न सरकता चढाच्या टोकाला गेली. मग बाईंना हसू फुटलं, आणि मास्तर गाल धरून हसायला लागले.

"हसवू नका हो, टाका तुटेल."

"चांगला घातलाय, नाही तुटत. पुन्हा जाऊ?"

"जाऊ."

त्या सकाळी ते चार वेळा तो चढ चढले. शेवटच्या खेपेला मास्तरांनी विचारलं, "मग इतके दिवस काय अडत होतं?"

"तुम्ही काच खाली केली की मला वाटायचं, संपलं, आपण नापास. मग क्लचवरचा पाय सुटायचा. परीक्षेतही तेच."

तीस वर्षांत चढावर अडकलेले कितीतरी चेहरे मास्तरांना आठवले. गाडीत पुन्हा सिगारेट पेटवायची नाही, हे त्यांनी तिथेच ठरवलं. मास्तरांची सिगारेट पुरती सुटली असं नाही. दिवसाला दोन ओढतात, पण गाडीबाहेर उभं राहून. बायको म्हणते, दोनच्या दीड करा. बोलणी चालू आहेत.

जखम छान भरली. पुढच्या आठवड्यात बाई परीक्षा पास झाल्या, आणि त्याच संध्याकाळी शिकवणीचीच गाडी घेऊन मास्तरांच्या दारात हजर. बायको पटकन पुढच्या सीटवर बसली. मास्तरांना मागे बसावं लागलं. इतक्या वर्षांत या गाडीत ते मागे कधी बसलेच नव्हते.

"दुसरा गिअर टाका," ते मागून म्हणाले. "वळण येतंय, हॉर्न द्या. आरशात बघा."

"अहो," बायको मागे न बघताच म्हणाली, "बाहेर बघा की जरा, किती छान वारा सुटलाय."

मास्तरांनी बाहेर पाहिलं. वारा खरंच छान सुटला होता.