शंका आली तर आत

समजा हं. समजा, तुम्ही एका लांब बाकाच्या टोकाला बसला आहात. समोर कमरेएवढं तारेचं कुंपण, पलीकडे लाल मातीचं टेनिसचं कोर्ट, आणि त्या मातीवरची मागची पांढरी पट्टी बरोबर तुमच्या नाकासमोर, फूटपट्टी धरून आखावी तशी सरळ. चेंडू पट्टीवर पडला की पट्टीपलीकडे, हे इथून जितकं स्वच्छ दिसतं तितकं खेळणाऱ्यांनाही दिसत नाही. आता त्या जागेवर स्वतःऐवजी एका म्हाताऱ्या मास्तरांना बसवा. त्यांच्या हातात पाण्याची बाटली आहे आणि तिचं झाकण ते कधीपासून लावताहेत, काढताहेत, पुन्हा लावताहेत. समोर त्यांची नात हरते आहे.

"पाच-तीन," जाळीपलीकडून निळ्या टोपीवाली मुलगी म्हणाली आणि सर्व्हिससाठी चेंडू उचलायला गेली. पाच तिचे होते. पहिला सेटही तिचाच होता.

"आजोबा, झाकण तुटेल," शेजारी बसलेली उंच मुलगी म्हणाली. तिला सगळे जिराफ म्हणत आणि तिलाही ते आवडे.

"तुटू दे."

"मग पाणी कोण पिणार?"

"तूच पी. सकाळपासून तोंड चालू आहे तुझं, घसा सुकला असेल."

जिराफ हसली, पण ते हसू तिच्या ओठांवर टिकलं नाही. सकाळी ती आपला सामना हरली होती. मग संघातल्या दोघींनी मिळून दुहेरीचा सामना जिंकला होता. एक तिकडे, एक इकडे. आता हा तिसरा सामना जो जिंकेल त्याचा दिवस. आणि दिवस गेला तर नुसता दिवस जाणार नव्हता. हरलेला संघ खालच्या गटात ढकलला जाणार होता, आणि क्लबच्या समितीने सूचनाफलकावर स्वच्छ लिहून लावलं होतं, की वरच्या गटात राहिला तरच मुलींचा संघ पुढे चालू ठेवू, नाहीतर संध्याकाळची वेळ मोठ्या सभासदांना देऊ. प्रशिक्षकबाईंनी तो कागद मुलींना वाचून दाखवला नव्हता. मुलींनी तो आपणहून वाचला होता.

मास्तरांना गटाचं काही वाटत नव्हतं. त्यांना एका जेवणाच्या टेबलाची आठवण येत होती. दोन वर्षांपूर्वी मुलगा आणि सून कामासाठी दूर गेले आणि नात त्यांच्याकडे राहायला आली. तेव्हा त्या टेबलापाशी ही पोर तोंडातून शब्द काढत नसे. "भाजी वाढू?" म्हटलं की मान हलवायची. "शाळेत काय झालं?" म्हटलं की खांदे उडवायची. चाळीस वर्षं वर्गात गप्प मुलांना बोलतं करणाऱ्या माणसाने घरातल्या एका मुलीपुढे हात टेकले होते. शेवटी त्यांनी कुठूनशी जुनी रॅकेट आणली. नात घराच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारत बसू लागली. तास तास, एकटी. भिंतीशी खेळून खेळून ती स्वतःच भिंतीसारखी झाली. काहीही मारा, चेंडू परत यायचाच. क्लबमध्ये पहिल्याच दिवशी जिराफने तिला 'भिंत' म्हणून हाक मारली, आणि त्या रात्री जेवताना नात आपणहून म्हणाली, "आजोबा, त्यांनी माझं नाव ठेवलंय."

त्या दिवसापासून ती बोलत होती. आणि आता तो संघच बंद पडला तर हे बोलणं कुठे जाईल, हे मास्तरांना ठाऊक होतं.

त्यांना स्वतःला रॅकेट धरताही येत नसे. पण नियमांचं पुस्तक त्यांनी पाठ केलं होतं आणि सरावाआधी चौघींना बाकावर बसवून ते रोज दहा मिनिटं तास घेत. लहान गटाच्या सामन्यांत प्रत्येक कोर्टाला पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे आपणच सांगायचं.

"आणि शंका आली तर?" मास्तर विचारत.

"आत!" चौघी ओरडत.

"कोणाच्या बाजूने?"

"समोरच्याच्या!"

आज सकाळी दुहेरीच्या सामन्यात एका चेंडूवरून भांडण झालं होतं. चार कोर्टांना मिळून असलेल्या एकट्या पंचबाई धावत आल्या आणि म्हणाल्या, दोन्ही बाजूंना चालत असेल तर कुंपणालगत बसलेल्या कुणाला तरी विचारते. मास्तर टोकाला होते. "चेंडू आत होता," ते म्हणाले, म्हणजे आपल्याच मुलींच्या विरुद्ध. जिराफने त्यांच्याशी पुढची पंधरा मिनिटं अबोला धरला होता. तिच्यासाठी हा विक्रमच होता.

"चाळीस-तीस," निळी टोपी म्हणाली.

हा एक गुण गेला की संपलं. प्रशिक्षकबाई कुंपणाच्या तारेत बोटं अडकवून उभ्या होत्या. त्यांच्यामागे निळ्या टोपीची आई बसली होती. तिनेही हातातला कप खाली ठेवला.

निळ्या टोपीने सर्व्हिस केली. नातीने चेंडू परत मारला. पुन्हा आला, पुन्हा मारला. जिराफ ओठांतल्या ओठांत मोजत होती, "सात... आठ... नऊ..." दहावा चेंडू निळ्या टोपीने असा खोल मारला, की नात मागे मागे सरकत पट्टीपलीकडे गेली. चेंडू तिच्या पायाशी पडला. पट्टीवर. मास्तरांना पट्टीवरची माती उडालेली दिसली. अर्धा चेंडू पट्टीवर, अर्धा आत, आणि तिथे उरली नखाएवढी गोल खूण.

"आउट," नात म्हणाली. तिचं बोट वर गेलेलं होतं.

निळी टोपी जिंकल्याच्या आनंदात जाळीकडे धावत निघाली होती. ती थबकली.

"काय?"

"आउट."

"खूण दाखव ना."

मातीच्या कोर्टाचं हेच तर सुख असतं, चेंडू आपली सही करून जातो. निळी टोपी जाळीला वळसा घालून यायला निघाली. तेवढ्यात नातीचा उजवा बूट हलला. फार नाही. पायाला मुंगी चावल्यावर हलावा तेवढाच. निळी टोपी पोचली तेव्हा तिथे पुसट लाल फराटा उरला होता.

"इथली खूण कुठे गेली?"

"माहीत नाही. पाय लागला असेल."

पंचबाई आल्या. दोघींचं ऐकून घेतलं, पट्टीजवळ वाकून पाहिलं, उठल्या. "खूण नाही, तर मी काय सांगणार? जिच्या बाजूला पडला तिचा शब्द धरावा लागेल."

निळ्या टोपीचे डोळे भरून आले होते, पण आवाज तिने मोडू दिला नाही. "त्या आजोबांना विचारा," तिने सरळ मास्तरांकडे हात केला. "ते खरं सांगतात. सकाळी आमच्या बाजूने सांगितलं होतं त्यांनी."

"ते हिचेच आजोबा आहेत, बाळ," पंचबाई म्हणाल्या.

"असू देत. मला चालेल."

पंचबाईंनी नातीकडे पाहिलं. "आणि तुला?"

नातीने कुंपणाकडे पाहिलं. मग एवढ्या चटकन मान हलवली, की जणू ती कुणीतरी विचारण्याचीच वाट पाहत होती.

"चालेल," ती म्हणाली. "आजोबांना विचारा."

पंचबाई कुंपणापाशी आल्या. "सर, तुम्ही बरोबर रेषेत होता. चेंडू कुठे पडला?"

मास्तरांनी बाटली बाकावर ठेवली. चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने एक काच पुसली, मग दुसरी. चष्मा स्वच्छच होता. त्यांना ते जेवणाचं टेबल दिसत होतं, दोन ताटं, आणि समोर खाली घातलेली मान.

"मला नीट दिसलं नाही," ते म्हणाले. "ऊन होतं डोळ्यांवर."

ऊन त्यांच्या पाठीमागे होतं. जिराफने वळून आकाशाकडे पाहिलं आणि मग आपल्या बुटांकडे.

"बरं. चेंडू बाहेर. बरोबरी," पंचबाई म्हणाल्या.

मास्तरांनी चष्मा चढवला. नात त्यांच्याकडेच बघत होती. त्यांना वाटलं होतं, तिच्या डोळ्यांत सुटका दिसेल. तसं काही नव्हतं. ही नजर मात्र त्यांना ओळखीची होती. फळ्यावर गणित सोडवताना मास्तरांच्या हातून आकडा चुकतो, सगळा वर्ग उतरवून घेत असतो, आणि एकाच मुलाच्या ते लक्षात येतं. ते मूल हात वर करत नाही. नुसतं फळ्याकडे बघतं, मग मास्तरांकडे, मग पुन्हा फळ्याकडे.

निळ्या टोपीने बाहीने डोळे पुसले आणि पुढचा चेंडू थेट जाळीत मारला. आता नातीला एक गुण हवा होता, म्हणजे हा गेम तिचा. दुहेरी जिंकलेल्या दोघींनी बाकावरून टाळ्या वाजवल्या. प्रशिक्षकबाई म्हणाल्या, "शाब्बास, आता सोडू नकोस." काय सांगावं, कदाचित निभेलही, असं मास्तरांच्या मनात आलं. टाळी वाजवायला त्यांनी हात उचलले आणि नंतर ते गुडघ्यांवर ठेवून दिले.

पण निळी टोपी रडून मोकळी झाली होती. पुढचे दोन्ही गुण तिने घेतले. पुन्हा तीच वेळ आली. एक गुण, की संपलं.

या वेळी देवाणघेवाण लांबली. नात खेळत होती ती पूर्वीसारखीच, डावीकडे, उजवीकडे, सगळं परत. जिराफ मोजायचं विसरली. मग निळ्या टोपीचा फटका सुटला, लांबला, आणि मागच्या पट्टीपलीकडे चांगला वीतभर जाऊन पडला. मास्तरांना दिसला, जिराफला दिसला, मागे बसलेल्या निळ्या टोपीच्या आईलाही दिसला असणार, कारण ती हळहळली.

नात चेंडूच्या मागे उभी होती. तिने खुणेकडे पाहिलं. बोट वर गेलं नाही. तिने रॅकेट काखेत धरली आणि तळहात जमिनीला समांतर खाली केला, चेंडू आत असल्याची खूण करतात तसा.

"आत," ती म्हणाली.

निळी टोपी जागची हलली नाही. "बाहेर होता ना?"

"माझ्या बाजूला पडला. मी सांगतेय, आत होता."

ती चालत जाळीपाशी गेली आणि हात पुढे केला. निळ्या टोपीने तो हातात घेतला. ती एवढंच म्हणाली, "तू मस्त खेळतेस."

"ही वेडी आहे का?" जिराफ पुटपुटली. "एवढा बाहेर होता! आजोबा, तुम्ही तरी सांगा ना काहीतरी. आता तर ऊनही नाहीये."

मास्तरांनी बाकावरची बाटली उचलली. प्रशिक्षकबाईंनी तारेतून बोटं सोडवली. बोटांवर तारेचे वळ उठले होते. त्यांनी चौघींच्या पिशव्या एकेक करून बाकावर ओळीने मांडल्या, सामना संपल्यावर नेहमी मांडत तशाच, आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की सांगायला आता पुढच्या आठवड्याच्या सरावाची वेळच उरलेली नाही. त्या पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

मातीच्या कोर्टावर खेळून झालं, की आपापली बाजू झाडून द्यायची पद्धत असते. जिंकलेला असो, हरलेला असो. निळ्या टोपीने आपली बाजू भराभर झाडून घेतली आणि आईबरोबर ती निघाली. फाटकापाशी तिने एकदा मागे वळून पाहिलं.

नात सावकाश झाडत होती. तिने माती सपाट करायची रुंद जाळी दोरीला धरून ओढली, कडेकडेने सुरुवात करून आत आत गोल फिरत. तिच्या मागून माती सपाट होत गेली, दहा-दहा फटक्यांच्या, धावण्याच्या, घसरण्याच्या साऱ्या खुणा मिटत गेल्या. मग तिने लांब दांड्याचा ब्रश घेतला आणि एकेक पट्टी झाडायला लागली. ब्रश फिरला की मातीखालून पांढरा रंग वर यायचा.

मास्तर फाटकातून आत आले. "बाळ, पाणी घे," ते म्हणाले.

ती थांबली नाही. मधली पट्टी झाली, बाजूच्या दोन झाल्या. मागच्या पट्टीचा अर्धा भाग झाला. उरलेल्या अर्ध्यापाशी, जिथे मघाशी तो फराटा उमटला होता, तिथे ती थबकली.

मास्तर वाट पाहत राहिले. ती रागावेल, रडेल, निदान "का?" म्हणून विचारेल, असं त्यांना वाटलं. रात्री टेबलापाशी या "का"ला काय उत्तर द्यायचं, तेही त्यांनी मनाशी जुळवायला घेतलं होतं.

नात त्यांच्यापाशी आली. तिने त्यांच्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि न पिता कुंपणालगत खाली ठेवली. मग रिकाम्या झालेल्या त्या हातात ब्रशचा दांडा दिला, वर्गात खडू द्यावा तसा, दोन्ही हातांनी. एक शब्दही न बोलता ती बाकाकडे गेली, जिराफजवळ सरकून बसली, आणि आजोबा पट्टी झाडतात का ते बघू लागली.