सात दारं ओलांडणारी खुर्ची

मी संडासातली खुर्ची बोलतेय. मुरडलंत नाक? मुरडा, मला सवय आहे. भारतीय बैठकीच्या भांड्यावर ठेवतात ती, मधोमध भोक असलेली, चार पायांची. दुकानात मला कमोड चेअर म्हणतात. घरात नुसतं ‘ती’ म्हणतात. “ती आण.” “ती धुतलीस का?” “पाहुणे आलेत, ती पलंगाखाली सरकव.” चार वर्षं एका घरात काढली, पण कुणी माझं नाव म्हणून घेतलं नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. घाणीची मला किळस नाही. त्याच कामासाठी मला बनवलं, आणि दोन तांबे पाणी ओतलं की ते काम संपतं. मला शिसारी आली ती माणसांच्या बोलण्याची. त्यांचं बोलणं ऐकून ऐकून माझे पाइप गंजले, असं म्हटलं तरी चालेल.

डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी जन्मले. पाइप वाकवला, पांढरा रंग मारला, वर प्लास्टिकची बैठक बसवली, पायांत काळी रबरी बुटं घातली. शेजारच्या साच्यातून साध्या लाल खुर्च्या निघायच्या. लग्नाच्या, सभेच्या, मंडपाच्या. एकाच टेम्पोत आम्ही चढलो. त्या ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या मंडपवाल्याकडे जायच्या होत्या, आणि वाटेभर मला हसत होत्या. मी कल्याणला एका मेडिकलच्या दारात उतरले. तिथे वॉकर आणि गरम पाण्याच्या पिशव्यांच्या सोबतीला उभी राहिले.

प्रशांतने मला घेतलं. ठाण्याला कुरियर कंपनीत कामाला असलेला, आईवर जीव असलेला, पण निर्णयाचं नाव काढलं की मोबाइलमध्ये तोंड घालणारा मुलगा. कल्याण पूर्वेच्या चाळीत पहिल्या मजल्यावर त्याने मला चढवलं आणि आईसमोर ठेवलं. म्हणाला, “आई, आता टेन्शनच नाही. ही आली ना. गुडघ्याच्या ऑपरेशनचं काय ते नंतर निवांत बघू.”

तेव्हाच मला कळलं, मला कशासाठी आणलंय ते. बसण्यासाठी नाही, ऑपरेशन पुढे ढकलण्यासाठी. त्या दिवसापासून माझा मलाच वीट आला.

ती आई म्हणजे शालन. आज वय सदुसष्ट. तीस वर्षं अंगणवाडीत मुलांच्या पंगतीत जमिनीवर बसून शिकवलं, त्यातच गुडघे गेले. चाळीमागच्या बुद्धविहारात वर्षावासाच्या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. ते वाचन बावीस वर्षं शालनचं. चटईवर मांडी घालून बसायची, आणि तिचा आवाज भोंग्यावरून साऱ्या चाळीला ऐकू यायचा. मी आले तेव्हा ते बंद पडून वर्ष झालं होतं. विहारातल्या बायकांना तिने सांगितलं होतं, “चष्म्याचा नंबर बदललाय, अक्षरं लागत नाहीत.” मला ठाऊक होतं, अक्षरं चांगली लागत होती. चटईवरून उठता येत नव्हतं, आणि चारचौघींनी काखेत हात घालून उठवणं तिला नको होतं.

या गुडघ्यांची सुरुवात जुनी. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिला डॉक्टरांनी तपासलं होतं. त्यांनी सांगितलं, “आत्ता ऑपरेशनची घाई नाही. वजन कमी करा, मांडीचे व्यायाम करा, आणि दरवर्षी दाखवून जा.” चांगला सल्ला होता. घराने त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. वजनाचं, व्यायामाचं, दरवर्षीचं सगळं दवाखान्याच्या पायरीवर टाकून घरी आले. आठ वर्षांनीसुद्धा शालनचा नवरा शिवराम पाहुण्यांना ठणकावून सांगायचा, “मोठ्या डॉक्टरने सांगितलंय, हिला ऑपरेशनची गरज नाही!”

आणि गरज असली तरी वेळ कुणाला होता? आषाढात म्हणायचे, वर्षावास होऊ दे. वर्षावास संपला की धम्मचक्र प्रवर्तन दिन, नागपूरची बस. मग सहा डिसेंबर. मग एक जानेवारी. मग जयंतीची वर्गणी, जयंतीची मिरवणूक, घरात पंधरा पाहुणे, आणि भाकऱ्या कोण थापणार? मग बुद्धपौर्णिमा, आणि पुन्हा आषाढ. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सगळ्यांना तारीख होती. गुडघ्याला नव्हती. शालनही त्यातलीच, उगाच तिची बाजू घेणार नाही मी. कुणी विषय काढलाच तर तीच आधी म्हणायची, “जाऊ दे गं, एवढी जयंती होऊ दे.”

त्यात तिसऱ्या दाराचे पोपटभाऊ. रिकामा माणूस आणि भरलेला मोबाइल. दर आठवड्याला नवीन तेल. मेथ्यांचं, निरगुडीचं, कसल्याशा पाल्याचं. तिच्या मांडीवरून ते ओघळून माझ्या बैठकीवर यायचं आणि तिथेच चिकटून बसायचं. “वहिनी, ऑपरेशन करू नका हां. उल्हासनगरला आमच्या ओळखीतली बाई, चालत गेली आणि आडवी आली. आयुष्यभर पलंगावर!” त्या बाईला पोपटभाऊंनी पाहिलं नव्हतं. तिचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. पण शालनच्या डोळ्यांसमोर ती बाई कायमची झोपवून ठेवली त्यांनी.

आता संडासाचं सांगते, कारण खरी लाज तिथे आहे. चाळीचा संडास सामाईक, गॅलरीच्या टोकाला. शालनच्या घरापासून सात दारं. प्रत्येक वेळी मला उचलून न्यायचं, भांड्यावर ठेवायचं, शालन येईपर्यंत थांबायचं, नंतर धुऊन परत आणायचं. हे सगळं सून दर्शना करायची, शाळेतली क्लार्कची नोकरी सांभाळून. तोंडातून कधी ब्र काढला नाही तिने. दर्शना शाळेत गेली की मात्र घरात शिवराम असायचा.

शिवराम म्हणजे केमिकल कंपनीतून रिटायर झालेला, विहाराच्या समितीचा सेक्रेटरी. माइकवर उभा राहिला की काय बोलायचा! स्त्रीपुरुष समान, घरातलं काम दोघांचं. भोंग्यावरून मलाही ऐकू यायचं पलंगाखाली. एका दुपारी शालन म्हणाली, “अहो, मला जायचंय.”

शिवरामने पेपरातून मान वर केली नाही. “दर्शना येईलच तासाभरात.”

“तासभर नाही हो थांबता येणार.”

“अगं, भरदुपारी सगळी दारं उघडी असतात. मी हे असलं हातात धरून गॅलरीतून जाऊ? लोक काय बोलतील? धर जरा.”

तिने धरलं. तासभर नाही, दीड तास. भिंतीला टेकून, डोळे मिटून, ओठ आवळून. मी तिच्यापासून दोन हातांवर होते. मला पाय होते चार, आणि एकही हलत नव्हता. त्या माणसाच्या पेपराची मला इतकी घृणा वाटली, की आजही कागदाची सळसळ ऐकली तरी नकोसं होतं.

त्या संध्याकाळी दर्शनाने तिला पाणी दिलं तर शालनने दोन घोट घेतले आणि पेला माठावर पालथा घातला. दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा अर्धा कप. मग दुपारचं ताक बंद. रात्रीची आमटी बंद, कोरडी भाकरी आणि चटणी. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. उलट शिवराम खूश होता. म्हणाला, “बघ, आता तुला सारखं जावं लागत नाही. तेलाचा गुण आला.”

तेलाचा गुण! बाई स्वतःला वाळवत होती, आणि हा गुण मोजत होता.

असं वर्ष, दीड वर्ष चाललं. मधूनमधून जळजळ, कणकण, आणि पोपटभाऊंचं धन्याचं पाणी. गेल्या वर्षी वर्षावासात, श्रावणात, शालन थंडी वाजून पलंगावरून खालीच घसरली. अंग भाजत होतं, शुद्ध अर्धी. प्रशांत ठाण्याहून धावत आला. तिला हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथल्या वॉर्डातला संडासही बैठकीचाच, म्हणून दर्शनाने रिक्षात मलाही घातलं. खाटेखालून मी सगळं ऐकलं.

लघवीच्या मार्गातून इन्फेक्शन किडनीपर्यंत चढलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “आजी, दिवसाला पाणी किती पिता?”

शिवराम म्हणाला, “भरपूर पिते. घरात माठ आहे ना.”

“नाही पीत.” दर्शना बोलली. तिचा आवाज एवढा चढलेला मी आयुष्यात ऐकला नव्हता. “दिवसभरात एक पेला. कारण पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं तर खुर्ची उचलायला माणूस लागतो, आणि या घरात माणूस मी एकटीच आहे! मी पण आंधळी. रोज पालथा पेला बघत होते आणि मला वाटायचं, मम्मींनी घासून ठेवलाय.”

प्रशांतने मोबाइल खिशात टाकला.

पाच दिवसांनी ताप उतरला, तेव्हा हाडांचे डॉक्टर आले. एक्स-रे बघून म्हणाले, “उजव्या गुडघ्यात गादी राहिलीच नाही. हाडावर हाड घासतंय. आठ वर्षांपूर्वी थांबा म्हणाले ते बरोबरच होतं. आता थांबण्यासारखं उरलं नाही.”

शालनने तिच्या मनातलं तेवढं एकच विचारलं. “ऑपरेशन झाल्यावर मला मांडी घालून बसता येईल?”

मला वाटलं, ही बाई अजून त्या चटईवरच आहे. खरंच होती. आठ वर्षं ऑपरेशन टाळण्यामागे पोपटभाऊ होते, तारखा होत्या, पण सगळ्यांत खाली ती चटई होती. गुडघा बदलला की पुन्हा खाली बसायचं नाही, हे तिने कुठूनतरी ऐकलं होतं.

डॉक्टरांनी साधेपणाने विचारलं, “आता बसता येतं?”

तिने गुडघ्यावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, “नाही. चार वर्षं झाली.”

“मग जे आधीच गेलंय ते राखण्यासाठी थांबलाय तुम्ही. मांडीचं वचन मी देत नाही. जमिनीवर बसू नका असंच सांगेन. चालणं, जिना, स्वतःच्या पायाने संडासला जाणं, एवढं बहुतेक मिळेल. जोखीम आहे, ती लपवत नाही. आणि हे इन्फेक्शन पूर्ण गेल्याशिवाय मी हात लावणार नाही. तोपर्यंत मांडीचे व्यायाम करा. पाणी प्या.”

घरी आल्यावर पुन्हा बैठक भरली. पोपटभाऊ आले, उल्हासनगरची बाई घेऊन. शिवराम कॅलेंडरासमोर उभा राहिला. “वर्षावास मध्येच आहे. पौर्णिमा होऊ दे, मग नागपूर, मग...”

“तारीख मी देऊन आलेय,” शालन म्हणाली. “भाद्रपदातली. तुम्ही नागपूरला जा. मला दर्शना नेईल.”

पोपटभाऊ म्हणाले, “वहिनी, त्या बाईचं काय झालं माहितेय ना?”

“तिचं नाव सांगा पोपटभाऊ. मी भेटून येते.”

पोपटभाऊ उठून गेले. माझ्या गंजक्या पाइपांना त्या दिवशी जरा बरं वाटलं.

ऑपरेशन झालं. ते सोपं होतं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. गुडघा वाकवायला लावायचे तेव्हा ती उशी तोंडात धरून रडायची. एकदा म्हणाली, “कशाला पडले यात?” माझ्या पायांना उंची वाढवायची भोकं आहेत. ती तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी वापरली. दर्शना शाळेत असताना मला उचलायची पाळी शिवरामवर आली. पहिल्या दिवशी त्याने मला पलंगावरच्या चादरीत गुंडाळलं. गॅलरीतली सगळी बायकामाणसं बघत राहिली. चादरीखालून चार पाय लोंबत होते, आत काय आहे ते आंधळ्यालाही कळलं असतं. परतताना चादर ओली झाली, पायात अडकली, आणि चौथ्या दारासमोर त्याने वैतागून ती काढून खांद्यावर टाकली. तिथून पुढची दारं मी उघडीच गेले. कुणीही काही बोललं नाही. इतकी वर्षं ज्या लोकांना तो भ्यायला होता, ते दाण्याचं कूट करत होते.

मला त्याची दया येत नाही. त्या दीड तासाची भरपाई तेवढ्याने होत नाही.

यंदाच्या आषाढात शालन विहारात गेली, हातात काठी, स्वतःच्या पायाने. चटईवर नाही बसली. तिच्यासाठी एक लाल खुर्ची मांडली होती, टेम्पोत मला हसलेल्यांपैकीच असेल एखादी. मी घरी पलंगाखाली होते. भोंग्यावरून शालनचा आवाज आला, जरा थकलेला, पण एकेक अक्षर स्वच्छ. चार वर्षांत तिला वाचताना मी पहिल्यांदा ऐकलं.

माझं काम संपलं, आता माळ्यावर टाकतील, असं मला वाटत होतं. परवा सकाळी पाचव्या दाराची मालन आली. साठीची, भिंतीला धरत धरत. म्हणाली, “शालनताई, ती खुर्ची पडूनच आहे ना? वर्षावास होईपर्यंत देतेस? मग बघू म्हणतोय आमचा मुकुल, ऑपरेशनचं.”

माझ्या अंगावर काटा आला. तेच शब्द, तोच महिना, तोच निवांतपणा.

शालन उठली. माठातून पेला काठोकाठ भरला आणि मालनच्या हातात दिला. “आधी हे पी.”

मालनने दोन घोट घेतले आणि पेला खाली ठेवला. “पुरे गं. आता तहान नाही.”

“मला पण नव्हती तहान,” शालन म्हणाली. तिने पेला उचलून पुन्हा मालनच्या हातात दिला आणि तसाच धरून ठेवला. “खुर्ची घेऊन जा. पण सोमवारी नऊ वाजता मी तुझ्या दारात उभी असेन. डॉक्टर थांब म्हणाले तर थांबू. पण त्यांनी म्हणायचं, मुकुलने नाही.”

आता मी मालनकडे आहे, तिच्या मोरीशेजारी. मला मागायला येणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगते, बसा माझ्यावर, खुशाल बसा, पण तुमच्या माणसाचा पेला रोज बघत जा. आज शनिवार. समोर मालनचा माठ दिसतोय. त्यावर पेला पालथा आहे.